पंप गार असतो

त्याचा पुढचा एक दात नव्हता, आणि तिथेच माझं मत होऊन गेलं. तो बिचारा हौदाच्या कडेला उकिडवा बसून पाण्यात हात घालून बघत होता, बोटं नाकाशी नेऊन वास घेत होता, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी होते.

"पाणी पार गेलंय बाई," तो म्हणाला. "पण येईल ताळ्यावर. आठवड्यातनं दोनदा यावं लागेल मला."

"कळवते," मी म्हणाले. हा शब्द मी नको असलेल्या माणसांसाठी राखून ठेवला आहे.

व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसलेले आमचे हे नुसते खाकरले. तो फाटकाबाहेर गेल्यावर म्हणाले, "माणूस बरा वाटला."

"ज्याला स्वतःचं तोंड सांभाळता येत नाही, तो आपला हौद काय सांभाळणार?"

माझं हे बोलणं तुम्हाला विचित्र वाटेल, म्हणून सांगते. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या बनवते. डॉक्टर जबड्याचा साचा पाठवतात, त्यावर मी मेण चढवते, मेणावर दात बसवते, हसताना जेवढे दिसावेत तेवढेच दिसतील असे. उभा जन्म हेच केलं. त्यामुळे माणूस समोर आला की आधी दात बघायचे आणि मग नमस्कार करायचा, ही खोड लागली ती लागलीच. यांचे दात म्हणाल तर साठी जवळ आली तरी एकालाही कीड नाही. ते बघूनच मी लग्नाला हो म्हणाले, असं चारचौघांत गमतीनं सांगायची.

हौद आम्ही हौसेनं घेतलेला नव्हता. गाय घेतली की वासरू येतं, तसा तो घराबरोबर आला. यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि आमची चौथ्या मजल्यावरची जागा एका दिवसात निरुपयोगी झाली. तळमजल्यावरचं घर शोधताना गावाबाहेर हे मिळालं. बैठं, जुनं, मागे एक लहानसा स्विमिंग पूल. त्यात हिरवं पाणी आणि एक बुडालेली प्लास्टिकची खुर्ची. आधीचा मालक तो विषय निघाला की दुसरीकडे बघायचा. मी तर बुजवूनच टाकणार होते. पण डॉक्टरांनी ऐकलं आणि ते खूशच झाले.

"अहो, नशीबवान आहात! पाण्यात चालवा यांना. पाण्यात पाय हलका होतो, भीती जाते. सहा महिन्यांत फरक दिसेल. फक्त पाणी आरशासारखं हवं. बसून बसून कातडी नाजूक झालीय. घाण पाण्यात उतरवलंत तर जखमा चिघळतील."

त्या दिवसापासून त्या हौदाखेरीज मला दुसरं काही सुचेना. शेजारणी म्हणायच्या, काय ही नवऱ्याची सेवा! आता खरं सांगते, कारण खोट्यावर वाहवा मिळवून माझं पोट भरलं आहे. हे चालायला हवे होते ते मला जाता यावं म्हणून.

हे वाईट माणूस नव्हेत. छापखान्यात प्रुफं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका शोधून आमचं घर चाललं. दारू नाही, आवाज चढवणं नाही. पण यांनी जन्मात कधी मला 'नाही' म्हटलं नाही आणि एक गोष्ट होऊही दिली नाही. स्वतःची लॅब काढते म्हटलं, "बघू." बहिणीकडे महिनाभर राहून येते म्हटलं, "बघू." मग दिवस जायचे, आणि ती गोष्ट आपोआप मरून पडायची. कुणी मारली ते कळायचंही नाही. मुलंबाळं नव्हती, त्यामुळे घरात तिसरा आवाजही नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीनं तिच्या शहरात लॅब काढली आणि एक टेबल माझ्यासाठी रिकामं ठेवलं. एका रविवारी जेवताना मी यांना सांगितलं, "मी तिकडे राहायला जाते. कायमची. भांडण नाही, पण आता मला इथे नाही राहायचं." हे म्हणाले, "बघू." मी म्हणाले, "बघायचं काही उरलं नाही."

पुढच्याच आठवड्यात झटका आला. भरलेली बॅग मी रिकामी केली.

पडलेल्या माणसाला टाकून जाणाऱ्यांतली मी नव्हे. चालत्या माणसाला सोडून जाण्यात मात्र मला काही पाप वाटत नव्हतं. हॉस्पिटलमध्ये यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा मी यांचा हात धरून म्हणाले होते, "तुम्ही आपल्या पायावर उभे राहीपर्यंत मी कुठेही जाणार नाही." दिलासा म्हणून म्हणाले. त्यांनी मान हलवली होती.

तर, हौद. दात नसलेल्याला कटवून मी एका कंपनीचा पोरगा ठरवला. त्याचे दात म्हणजे नमुन्यादाखल काचेच्या कपाटात ठेवावेत असे. गणवेश, पायांत पांढरे बूट, हातात लांब दांड्याची जाळी. पहिल्या आठवड्यात त्यानं हौद उपसला, खुर्ची काढली, भिंती घासल्या, नवं पाणी भरलं. मी हरखून गेले. दुसऱ्या आठवड्यात पाणी गढूळ. तिसऱ्यात भिंतींवर शेवाळाचा हात फिरलेला. "मॅडम, क्लोरीन वाढवू," तो म्हणायचा आणि हसायचा. क्लोरीन एवढा वाढला की व्हरांड्यात बसून डोळे चुरचुरायला लागले, पण पाणी काही निवळेना. शेवटी मी त्याला रजा दिली. मोत्यासारख्या दातांनी तो हसत हसत गेला.

मग मशीन घ्यायचं ठरलं. दुकानात दोन तऱ्हा होत्या. एक पाइपाला जोडायचं, जमिनीवरून घरघरत फिरणारं. दुसरा यंत्रमानव, विजेवर चालणारा, भिंतीसुद्धा चढणारा. दुकानदारानं तो काचेच्या टाकीत सोडून दाखवला. दुकानदाराचे वरचे चार दात खोटे होते आणि काम झकास होतं. असं काम करून घेणारा माणूस माल हलका ठेवणार नाही, असं वाटून मी यंत्रमानव घेतला. घरी आणल्यावर हे म्हणाले, "कासव आणलंस की." त्याचं नाव कासवच पडलं.

कासव गुणी होतं. तळातला कण न् कण उचलायचं, भिंत चढून पाण्याबाहेर नाक काढायचं, पुन्हा खाली जायचं. पण पाणी? ताक! मी दुकानदाराला फोन करून भांडले. तो म्हणाला, "ताई, ते केर काढतं. पाणी गाळायचं काम पंपाचं. पंप दिवसभर चालतो ना?"

"चालतो तर! सकाळी कामावर जाताना मी स्वतः चालू करते आणि संध्याकाळी आल्यावर स्वतः बंद करते."

"मग माणूस बोलवा. पाण्यातच काहीतरी दोष असेल."

एक गोष्ट तेव्हाही माझ्या लक्षात आली होती. सोमवारी सकाळी पाणी जरा बरं असायचं, शनिवारपर्यंत पुन्हा बिघडायचं. रविवारी मी घरी असते, सारखी मागे लागते, म्हणून असेल, असा अर्थ मी लावला. माणसाला स्वतःच्या कष्टांवर भारी विश्वास असतो.

हे मला धीर द्यायचे. "जाऊ दे गं. किती जिवाला लावून घेशील? नसेल आपल्या नशिबात पाणी."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला चालवल्याशिवाय मी राहत नाही."

रोज सकाळी मी यांना काखेत धरून पलंगावरून उठवायची, खुर्चीत बसवायची, उजवा पाय उचलून खुर्चीच्या पायरीवर ठेवायची. पाय मेल्यासारखा जड असायचा. भिंतीचा दांडा धरून बाथरूमपर्यंत जेमतेम जायचे, तेवढंच. जेवणाचा डबा हाताशी ठेवून मी निघायची. माझ्या कमरेला पट्टा लागला. लॅबमध्ये दिवसभर वाकून बसायचं, घरी येऊन पुन्हा माणूस उचलायचा. पण मी कुरकुर केली नाही. पाणी निवळलं की सुटले, हे एकच मनाशी धरून होते.

शेवटी नाक मुठीत धरून मी त्या दात नसलेल्यालाच बोलावलं. तो काही न बोलता कामाला लागला. माझ्यामागे दुपारी येऊन जायचा. पहिल्याच खेपेनंतर पाणी इतकं सुंदर झालं की तळाच्या फरश्यांचे सांधे दिसायला लागले. मी यांच्यासाठी पोहायची चड्डीसुद्धा आणली. दोन दिवसांत पुन्हा ताक.

तो एका रविवारी मुद्दाम आला. फाटकाशीच उभा राहिला.

"बाई, एक सांगू का? पंप गार असतो."

"म्हणजे?"

"मी दुपारी येतो तेव्हा पंपावर हात ठेवून बघतो. सकाळपासून चालला असेल तर तापायला पाहिजे. गार असतो."

"मी स्वतः चालू करून जाते."

"तुम्ही करत असाल हो." त्यानं एकदा व्हरांड्याकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे. "मी आपलं पंपाचं सांगितलं."

माझं डोकंच फिरलं. स्वतःला जमत नाही ते नाही, वर पंपावर खापर! नाचता येईना अंगण वाकडं. मी त्याला नको नको ते बोलले. लबाड म्हणाले. पुन्हा फाटकाच्या आत पाऊल टाकू नकोस म्हणाले. तो ऐकून घेऊन गेला.

"बिचारा होता गं," हे मागून म्हणाले.

नंतरच्या बुधवारी मी लॅबमध्ये पोचते तोच तिथला कॉम्प्रेसर बंद पडला. हवेशिवाय आमचं एक काम होत नाही. मालकानं सगळ्यांना घरी पाठवलं. बसमध्ये बसले आणि त्या माणसाचं बोलणं डोक्यात पुन्हा सुरू झालं. म्हटलं, चला, आज दिवसाउजेडी जाऊन पंपावर हात ठेवते आणि त्याला फोन करून सांगते, बघ, कसा चटका बसतोय. म्हणून पुढच्या दारानं न जाता बाजूच्या फाटकानं आत शिरले.

पंप चालू होता. त्याची घरघर फाटकापर्यंत ऐकू येत होती. मला इतका आनंद झाला! म्हणे गार असतो!

तेवढ्यात स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि हे बाहेर आले.

चालत आले. काठी नाही, भिंत नाही. उजवा पाय किंचित ओढत, पण आपल्या आपण, सकाळी फिरायला निघालेल्या माणसासारखे. आता मला कुणी हसो, पण माझ्या मनात आधी आला तो आनंदच. माझे डोळे भरून आले. वाटलं धावत जावं, हात धरावा. मी हाक मारणार एवढ्यात ते पंपाच्या खोलीच्या पायऱ्या उतरले, एका मागून एक, कुठेही न धरता, आणि घरघर थांबली.

अंगणात एकदम शांत झालं. मी कपडे वाळत घातलेल्या दोरीमागे उभी होते, समोर यांचाच ओला सदरा होता.

वर येताना हे हौदाशी थांबले. पाण्यावर एक पान तरंगत होतं. यांनी जाळी उचलली, वाकून ते पान अलगद काढलं, बाजूला झटकलं, जाळी जागच्या जागी लावली. प्रुफवाल्याचा हात, चूक दिसली की राहवत नाही. मग व्हरांड्यात जाऊन खुर्चीत बसले. दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून पायरीवर ठेवला, पंजा जरा बाहेर वळवून. मी ठेवते तसाच. त्यावर चादर ओढून घेतली.

त्या चादरीनं माझा जीव जाळला. पंप बंद केला ते एक वेळ सोसलं असतं. पण पाय असा ठेवायचा, हे ते माझ्याकडून शिकले होते. मी रोज सकाळी त्या पायाशी वाकायची आणि हे वरून माझ्या वाकण्याकडे बघत बसायचे.

मी पुढे गेले. मला बघून यांचा चेहरा उतरला नाही, उलट रोजच्यासारखाच झाला. तेच जास्त भयंकर होतं.

"आज लवकर आलीस?"

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मी दोरीपाशी उभी होते. कधीपासून चालता येतंय?"

हे हौदाकडे बघत म्हणाले, "या घरात आलो त्यानंतर थोड्या दिवसांनी. एके दिवशी तू नसताना पडलो, आणि उठलो. मग रोज थोडं थोडं."

म्हणजे कंपनीच्या पोराच्या आधी. कासवाच्या आधी. माझ्या पट्ट्याच्या आधी.

"मी रोज तुम्हाला उचलत होते. माझी कंबर मोडली. तुम्ही मेल्यासारखं अंग टाकून देत होतात माझ्यावर!"

"मला वाईट वाटायचं."

"वाईट वाटायचं! आणि त्या माणसाला मी लबाड म्हणाले, तेव्हा? तुमच्यादेखत?"

"तेव्हाही वाटलं."

"वाटून उपयोग काय? तोंड होतं ना तुम्हाला?"

"तूच म्हणाली होतीस," ते हळूच म्हणाले, "मी पायावर उभा राहीपर्यंत जाणार नाहीस. पाण्यात उतरलो असतो तर तुला कळलंच असतं."

मी ते वाक्य कशासाठी म्हटलं होतं आणि यांनी ते कशासाठी जपून ठेवलं होतं! माझ्या दिलाशाची यांनी बेडी केली आणि ती रोज सकाळी मी माझ्याच हातांनी घालून घेतली. एवढं फसवलं असतं परक्यानं, तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. या माणसाला मी आंघोळ घालत होते.

"थांब म्हणायचं होतं," मी म्हणाले. "एकदाच. इतक्या वर्षांत एकदा तरी, जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं."

"थांबली असतीस?"

"माहीत नाही. पण मला उत्तर तरी देता आलं असतं. तुम्ही मला विचारलंच नाही. परस्पर बटण बंद केलंत, आणि मी यायच्या आधी पुन्हा चालू."

हे चादरीची घडी सरळ करत राहिले.

मी आत जाऊन त्या दात नसलेल्या माणसाला फोन लावला. मला वाटलं होतं उचलणार नाही. उचलला. मी माफी मागितली. नीट मागितली, आडपडदा न ठेवता.

"राहू द्या बाई. पंप बघितलात ना?"

"बघितला." मग मला शंका आली. "तुम्ही यांना बघितलं होतं का हो? चालताना?"

"दोनदा. मला म्हणाले, बाईंना सांगू नका, मीच सांगणार आहे. मी म्हटलं, नवरा-बायकोच्या मधे आपण कशाला पडा. पंपाचं तेवढं माझं काम, म्हणून तेवढं सांगितलं. आता मी दुसरीकडे लागलोय, नाहीतर आलो असतो."

दुसरा फोन बहिणीला केला. ती आधी रडली, मग चिडली, मग म्हणाली, "ताई, पण ते टेबल मी गेल्या वर्षी दिलं गं एकीला. किती दिवस रिकामं ठेवणार? तू ये मात्र. घर आहे, मी आहे. कामाचं करू काहीतरी."

"येते," मी म्हणाले. "या रविवारी."

हे दारात खुर्ची आणून ऐकत होते. अजूनही खुर्चीतच. मी त्यांच्या बाजूनं निघून गेले.

संध्याकाळी स्वयंपाक केला. हात आपले आपण करत होते, माझं लक्ष नव्हतं. रोज मी पानं वाढली की यांची खुर्ची ढकलत टेबलाशी आणायची. त्या दिवशी पानं वाढली आणि जेवायला बसले.

"अगं," व्हरांड्यातून हाक आली.

मी पहिला घास घेतला. थोड्या वेळानं खुर्ची करकरली, मग फरशीवर पावलं वाजली, एक नीट, एक ओढलेलं. हे आले, समोरची लाकडी खुर्ची ओढून बसले. त्या खुर्चीत ते त्या घरात पहिल्यांदाच बसत होते. आम्ही एकमेकांकडे न बघता जेवू लागलो. भाजीत मीठ टाकायचं मी विसरले होते.

"मीठ," यांनी सवयीनं हात पुढे केला.

"ओट्यावर आहे."

हात तसाच राहिला थोडा वेळ. मग मागे गेला. हे उठले. ओट्यापर्यंत गेले, डबा घेतला, परत आले. चांगलं चालत होते. दोन वर्षं हेच बघायला मी जीव टाकत होते.

मिठाचा डबा त्यांनी आधी माझ्यापुढे ठेवला.

मी अळणीच जेवले.